बंबवाल्या बाईंचं विमान

वाफेच्या यंत्राला कुठलं संगीत शोभतं हे मला माहीत आहे. अंदाजानं नाही, खात्रीनं.

मध्यंतरी पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आमच्या कॉलेजात एक कार्यक्रम आहे. स्टीमपंक म्हणतात त्या तऱ्हेचा. म्हणजे पितळी चाकं, तांब्याच्या नळ्या, वाफेवर उडणारी जहाजं. आगगाडीच्या काळातल्या माणसांनी पुढचं जग कसं कल्पिलं असतं, तसं सगळं. कपडे झाले, देखावा झाला, पण त्याला वाजवायचं काय तेच कुणाला कळेना. तुम्ही पेटी वाजवता ना?"

तिला वाटलं असेल, बाबा म्हणतील, हे काय नवीन खूळ. मी म्हणालो, "हे आम्ही करून बसलोय. तुझा जन्म व्हायच्या आधी. आष्टीच्या पुढं, आमच्या शाळेत." ती हसली. त्या तऱ्हेला इंग्रजीत नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाईंना तर नावाची गरजच नव्हती.

बाई आमच्याकडे चित्रकला शिकवायच्या. आष्टीपासून सायकलीच्या अंतरावर एका खाजगी संस्थेची शाळा होती, तिथं मी मराठीला होतो आणि प्रार्थनेला पेटी धरायचो. बाई जालन्याच्या. वडील तिथल्या एका जुन्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. लहानपणी त्यांचा डबा पोचवायला जायच्या त्या संध्याकाळपर्यंत इंजिनघरातच बसून राहायच्या. आमच्या गावात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा लुनावर होत्या, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा काळा गोल चष्मा होता, आणि पाठीमागं दोरीनं बांधलेला तांब्याचा बंब होता. अंघोळीचं पाणी तापवायचा, तोच बंब. पण त्याला खाली दोन चाकं लावलेली आणि नळकांड्याला पितळी पट्ट्या ठोकलेल्या. गावानं त्यांना त्याच दिवशी 'बंबवाल्या बाई' करून टाकलं. त्यांना ते कळलं, तेव्हा म्हणाल्या, "बराबर आहे. बंब माझाच आहे."

त्यांचं एक म्हणणं होतं. यंत्र झाकायचं नाही. आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. स्टाफरूममधल्या भिंतीवरच्या घड्याळाची पाठ त्यांनी एका सुट्टीत काढून टाकली, तबकडी बाजूला सरकवली, आणि आतली चाकं उघडी करून घड्याळ परत टांगलं. हेडमास्तर दारात थबकले.

"बाई, हे घड्याळ उघडं काहून केलं?"

"सर, आधी ते नुसती वेळ सांगून राह्यलं होतं. आता कशी सांगतं तेही सांगतंय."

हेडमास्तरांनी घड्याळ झाकायला लावलं. बाईंनी झाकलं, पण काचेनं.

पर्समध्ये पाना असायचा. सायकल, स्टोव्ह, बोअरवेलचा हातपंप, गावात काहीही अडलं की त्या पदर खोचून खाली बसायच्या. बघायला आलेल्या एका मुलाकडच्यांनी विचारलं होतं म्हणे, मुलीला गाणं येतं का. बाई म्हणाल्या, "गाणं न्हाई येत. पण इंजन सुरात आणता येतं." ते लोक चहा न घेता गेले. ही गोष्ट बाई स्वतः सांगायच्या आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसायच्या. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी शाळा सोडली आणि जालन्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. बियाणं चाळायच्या मशीनी दुरुस्त करतात. मी जातो अधूनमधून. तिथंही एका मशीनला झाकण नाही.

त्यांच्या वहीत चित्रं असायची ती कधी न झालेल्या यंत्रांची. वाफेवर चालणारी मोट. लोखंडी बैल, त्याच्या पोटात भट्टी. आमच्या दुधना नदीवरून उडत जाणारी आगगाडी, आणि डब्यांच्या खिडक्यांतून बाहेर बघणाऱ्या बाया, डोक्यावर पाट्या तशाच. मी एकदा विचारलं, "बाई, हे कधीचं? मागचं का पुढचं?"

त्यांनी वही स्वतःकडं फिरवून बघितली. "पुढचंच आहे सर. पण मागून निघालेलं."

तर त्या वर्षी गॅदरिंग आलं. बाईंनी जाहीर केलं की त्या वहीतलं एक यंत्र स्टेजवर उभं करणार. वाफेचं विमान. सातवीतल्या चार मुली त्यात बसून गावाच्या वर जाणार, वरून गाव बघणार आणि परत येणार. एक शब्द बोलायचा नाही.

महिनाभर चित्रकलेच्या वर्गात ठोकाठोकी चालली. मधोमध बंब. बाजूला कडबाकुट्टीच्या यंत्राचं मोठं चाक. खाली शिलाई मशीनचं पायडल, त्यावरून पट्टा चाकाला, चाकावरून दोऱ्या पंखांना. पंख बांबूचे, धोतराच्या कापडाचे. पुढं पेट्रोमॅक्सची बत्ती. बंबाच्या तोंडावर कुकरची शिट्टी, पण झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं. "वाफेला वाट ठेवायची," बाई म्हणायच्या. "आमच्या वडलांची पहिली शिकवण." पायडल मारलं की पंख वरखाली व्हायचे, बंब फुसफुसायचा, आणि सगळं मिळून खरोखर कुठंतरी निघाल्यासारखं दिसायचं.

पण यात एक अडचण होती आणि ती लहान नव्हती. बाई अजून कायम झालेल्या नव्हत्या. त्यांना कायम करायचं की नाही हे संस्थेचे सचिव त्याच उन्हाळ्यात ठरवणार होते, आणि सचिव गॅदरिंगला येणार होते. विमानाबद्दल त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, शाळेत भंगार नको. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी मधला मार्ग काढला. "बाई, शनिवारपर्यंत तुमचं हे संगीतासकट पूर्ण बसलं तर ठीक. नसता त्या जागी मुलींचा सिनेमातल्या गाण्यावरचा नाच घेऊ. नुसतं मुक्यानं पंख हलवलेलं पाहुण्यांना चालणार न्हाई."

बाई माझ्याकडे आल्या. "सर, संगीत तुमच्याकडं."

मला बरं वाटलं. परभणीला गुरुजींकडे सहा वर्षं पेटी घासलेली होती, परीक्षा दिल्या होत्या आणि गावात त्याचा उपयोग प्रार्थनेपुरता होत होता. मी पेटी काढली आणि भूप रागातली एक सुंदर चीज वाजवली. वर चढत जाणारी. बाईंनी डोळे मिटून पूर्ण ऐकली.

"छान आहे सर. पण हे अंघोळ करून बसलेल्या माणसाचं आहे. माझ्या विमानातल्या लोकांच्या हाताला ग्रीस आहे."

दुसऱ्या दिवशी मी आगगाडीची नक्कल बसवून आणली. भात्याचे धक्के देऊन छुकछुक, वरच्या सप्तकात शिट्टी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "हे तर बंब स्वतःच करून राह्यला. तुम्ही काहून करता?"

मग मी जालन्याहून कॅसेट मागवली. यंत्रावर वाजवलेलं विलायती संगीत, तारे-ग्रह वगैरे. टेपरेकॉर्डर विमानाशेजारी ठेवून लावली. बाई त्या टेपरेकॉर्डरभोवती एक चक्कर मारून आल्या. "आवाज कुठून येऊन राह्यला तेच दिसंना. बंद करा."

परतूरचा बँडवाला झाला. त्याची पितळी वाद्यं विमानाशेजारी इतकी शोभली की मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. त्यानं तोंडाला लावलं, चार ओळी वाजवल्या. बाई म्हणाल्या, "दिसायला बिलकुल बराबर. पण हे वाजलं की लोकं अक्षता शोधतील."

मी चिडलो. गुरुवार उजाडला होता. म्हणालो, "बाई, तुमची नोकरी टांगणीला आहे आणि तुम्ही खोट काढत बसल्यात. लावा ना काहीतरी. कुणाला फरक पडतो?"

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. पाना पुसत म्हणाल्या, "सर, माझ्या वडलांनी तीस वर्षं इंजन चालवलं. त्यांना कधीच कुणी न्हाई म्हणलं की काहीतरी लावा. जो पट्टा लागतो तोच लागतो."

पट्ट्यावरून त्यांना आठवलं, विमानाचा पट्टा झिजला होता. सातवीतली एक मुलगी, जी विमानात पायडल मारायची, तिच्या आजोबांकडे शेतात जुना पट्टा पडलेला होता. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही तिकडं निघालो. बाई लुनावर आणि मी मागून सायकलवर. प्रत्येक वळणावर त्या थांबून माझी वाट बघायच्या आणि मी पोचलो की लगेच निघायच्या, म्हणजे विसावा फक्त त्यांनाच.

मुलीचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचं. आता शेती करत होतं, तरी पाचपन्नास मेंढरं होतीच. विहिरीवर डिझेलचं इंजन चालू होतं, फक फक फक. आणि बाजूच्या लिंबाखाली आजोबा मोठा ढोल घेऊन बसले होते. कातडं उन्हात तापवून ताणलं गेलं का ते बघत होते. एका अंगाला काठी, एका अंगाला तळवा. इंजनाची चारपाच फकफक झाली की त्यांचा एक ठोका पडायचा. इंजनाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ठोका कधी फकफकीच्या पुढं पडायचा, कधी मागं. पण सावकाश, भक्कम, माणूस लांब चालत यावा तसा.

बाईंनी लुना बंद केली. काळा चष्मा कपाळावर चढवला.

"सर, ऐका."

मी ऐकत होतोच. अंगावर काटा आलेला होता, पण का ते समजत नव्हतं. बाईंना समजलं.

"आपण उलटं शोधून राह्यलो होतो. विमानाचं संगीत शोधत होतो. विमानाला काय करायचं त्याचं? ते आपलं आपण वाजतंय. त्यात बसून जो चाल्लाय, त्याचं पाहिजे."

आजोबांनी पट्टा दिला. गॅदरिंगला ढोल वाजवा म्हटल्यावर मात्र नकाराची मान हलवली. "देवाचा ढोल हाय बाई. जत्रंत वाजतो. नाटकात न्हाई वाजायचा."

मला वाटलं, आता बाई गळ घालतील. त्यांनी घातली नाही. "न्हाई तर न्हाई, बाबा. पण उद्या जरा शाळेत येता का? पट्टा बराबर बसला का तेवढं बघा."

शुक्रवारी सकाळी आजोबा आले. नात या शाळेत तिसऱ्या वर्षाला होती, पण फाटकाच्या आत ते पहिल्यांदाच येत होते. वहाणा बाहेर काढून वर्गात आले. विमानाभोवती फिरले. बंबाला हात लावला, चाकाला लावला, पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.

"हे कुठं चाल्लं?"

"वर," बाई म्हणाल्या.

"वर काय हाय?"

"काही न्हाई. वरून आपलं गाव कसं दिसतं ते बघायचं. आन मंग परत यायचं."

"परत यायचं म्हणता?"

"बिलकुल. परत न्हाई आलं तर काय बघितलं ते सांगणार कुणाला?"

आजोबा खाली बसले. मग म्हणाले, "आम्ही दिवाळी झाली की मेंढरं घिऊन निघायचो. गोदंच्या काठानं खाली, पार लांब. पावसाच्या आत माघारी. निघतानी ढोल न्हाई वाजायचा. माघारी आलो, सगळी माणसं, सगळी जितराबं मोजून झाली, की मंग वाजायचा." त्यांनी नातीकडं बघितलं. "माघारी येतानी वाजवतो. जातानी ह्या मास्तरांची पेटी वाजू द्या."

"चालेल," बाई म्हणाल्या.

"आन एक. ढोल पडद्याच्या मागं न्हाई राह्यचा. समोर राहील."

बाई इतक्या खूष झालेल्या मी परत कधी पाहिल्या नाहीत. "बाबा, तुम्ही म्हणले नसते तर मी म्हणले असते."

राहिली माझी पेटी. बाईंनी भात्यावर हात ठेवला. "सर, जातानी सूर नको. श्वास पाहिजे. खालची दोन बोटं दाबून धरा आन नुसता भाता चालवा."

"दोन बोटं?" मी म्हणालो. "सहा वर्षं शिकलोय मी."

"म्हणूनच तुम्हाला सांगते. न शिकलेल्याला दोनावर राहवणार न्हाई."

शनिवारी हेडमास्तरांना दाखवलं. त्यांना आवडलं की नाही ते कळलं नाही, पण पूर्ण झालं होतं, हे त्यांनाही नाकारता येईना.

गॅदरिंग दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. मंडपात पुढं खुर्च्यांवर सचिव आणि पाहुणे, मागं गाव. आणि त्या दिवशी मंडपाच्या कडेला पागोटी घातलेली दहाबारा माणसं उभी होती, आजोबांच्या भावकीतली. बसा म्हटलं तरी बसेनात.

पडदा वर गेला. विमान दिसलं आणि पोरांनी आरडाओरडा केला. मुलगी पायडल मारू लागली, पंख हलले, बंबाच्या तोंडातून वाफ निघाली. मी षड्ज आणि पंचम धरून भाता सोडला, ओढला. मुली खाली बघून बोट दाखवत होत्या, हे आमचं घर, ही शाळा, ही दुधना. मंडप शांत झाला.

खेळात विमान सगळ्यात वर पोचायची जागा आली आणि पट्टा निसटला. 'टच्' असा आवाज मी ऐकला. पंख अर्ध्यावर थांबले. पायडल मारणाऱ्या पोरीचे पाय नुसतेच फिरायला लागले. तिनं आधी बाईंकडं बघितलं, मग समोर ढोल घेऊन बसलेल्या आजोबांकडं. आजोबांची काठी वर गेलेली होती. ती तशीच थांबली. विमान वळल्याशिवाय ढोल पडणार नव्हता, तसं ठरलंच होतं.

हेडमास्तर मला खुणा करत होते, पडदा पाडा, पडदा पाडा. मी जुमानलं नाही. भाता चालू ठेवला.

बाई विंगेतून निघाल्या. पदर खोचलेला, चष्मा डोळ्यांवर, हातात पाना. पळत नव्हत्या. सगळ्या गावासमोर चालत गेल्या, विमानाच्या खाली गुडघ्यावर बसल्या आणि चाक सैल करू लागल्या. सचिव पुढं वाकून बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. खांदा भरून आला, बोटं त्याच दोन पट्ट्यांवर. तान घ्यायचा, काहीतरी करून दाखवायचा मोह एकदाही झाला नाही. ज्या क्षणी मी थांबेन त्या क्षणी त्या चार मुली खाली येतील, हे मला इतकं स्पष्ट वाटत होतं की मी श्वास घ्यायलासुद्धा भात्याबरोबर लागलो. गुरुजींकडे सहा वर्षांत मी एवढं मन लावून कधी वाजवलं नव्हतं.

बाईंनी पट्टा चढवला. हातानं चाक फिरवलं. उलटं. पंख एकदा खाली गेले, एकदा वर. मुलीचा पाय पायडलवर बसला.

आणि ढोल पडला.

काय सांगू. मंडपाच्या खांबांना हादरा बसला. कडेला उभ्या असलेल्या पागोटेवाल्यांनी उपरण्याखालून झांजा काढल्या, त्या त्यांनी आणल्यात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या पितळेचा आवाज त्या तांब्यालोखंडाच्या आवाजात असा मिसळला की कुठला कशाचा ते ओळखू येईना. बंब फुसफुसतोय, चाक करकरतंय, आणि त्या सगळ्यावरून माणसं घरी येतायत. मुली खाली उतरल्या तेव्हा बायका रडत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर सचिव स्टेजवर आले. बाईंना म्हणाले, "मधी खाली पडणार होतं का ते?"

"बंद पडलं होतं सर," बाई म्हणाल्या. "पडलं नसतं."

उन्हाळ्यात बाईंची कायमची ऑर्डर आली. सोबत एक कागद होता. यापुढे चित्रकलेव्यतिरिक्त कोणतेही यंत्र, सामान अथवा तत्सम वस्तू शाळेच्या आवारात उभारणार नाही, असं लिहून दिल्याचा. हेडमास्तरांनी तो पुढं केला. मी शेजारीच होतो. बाईंनी पूर्ण वाचला, पेन उघडलं, खाली 'वाचले' असं लिहिलं आणि सही केली. हेडमास्तरांनी तो न बघता फायलीत लावला. मला वाटतं, बघूनच लावला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बाई माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. हातात वही. नवीन चित्र. नदीच्या तळाशी चालणारी गाडी, खिडक्यांतून मासे बघणारी माणसं.

"सर, पाण्याखालच्या गाडीत बसलेल्याला काय ऐकू येत असंल?"

मागचा मी असतो तर पेटी काढली असती. म्हणालो, "बाई, ते इथं बसून कसं कळणार? पाण्यात डोकं घालावं लागंल."

"मंग कवा?"

शाळेच्या मागं झाडांना पाणी द्यायचा सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. मधल्या सुट्टीत मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, घड्याळ काढून बाईंच्या हातात दिलं आणि कानापर्यंत डोकं आत घातलं. बाईंनी हौदाच्या लोखंडी नळावर दगडानं एक ठोका मारला.

मी वर आलो. केसांतून पाणी गळत होतं, सदरा भिजला होता, आणि अख्खी सातवी आमच्याभोवती गोळा झाली होती.

"काय ऐकू आलं सर?" बाईंनी विचारलं.

मी कानातलं पाणी झटकलं, छाती भरून श्वास घेतला, आणि म्हणालो, "परत वाजवा."